उजवीकडून दीड इंच

॥ श्री ॥

मल्लेश्वरम, बंगळूर ३
रविवार, ता. ५ फेब्रुवारी १९६१

तीर्थस्वरूप अप्पासाहेब यांचे सेवेशी,

बंगळूरहून बिंदुमाधवाचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी उजवा गुडघा थंडीत रजेवर असतो, तेव्हा सध्या सातच पोचते समजावेत, आठवं उन्हाळ्यात पाठवीन.) तुमची तब्येत, वहिनींचा दमा, चि. विद्याचा संसार आणि परसातला तो चिकू, ज्याच्याबद्दल मी १९५७ साली 'हा काही धरायचा नाही' असं म्हणालो होतो, हे सगळं क्षेम असेल अशी आशा आहे. चिकू धरला असल्यास कळवण्याची तसदी घेऊ नये. मी इथे अत्यंत मजेत आहे. सकाळी फिरायला जातो, दिवसा कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात दुसऱ्यांच्या आराखड्यांतल्या चुका तांबड्या पेन्सिलीने दाखवतो, आणि संध्याकाळी घरी येऊन तोच उद्योग पेन्सिलीशिवाय करतो. उणीव अशी कसलीही नाही.

तुमचं शेवटचं पत्र येऊन चौदा महिने झाले. तुमची बहीण, माझी हेमलता, गेली त्या वर्षी सण नव्हता, म्हणून वहिनींचा तिळगूळ आला नाही, ते समजलं. त्यानंतर दोन संक्रांती कोरड्या गेल्या. एरवी दर वर्षी मिरजेहून पाकीट यायचं, त्यात हलवा, बराचसा फुटलेला, आणि सोबत दोन-तीन मुंग्या, ज्या बहुधा हुबळीला चढलेल्या असायच्या. आत चिठ्ठी, 'तिळगूळ घ्या, गोड बोला.' आता पाकीट येत नाही, त्याअर्थी गोड बोलण्याचा तो हुकूमही माझ्यापुरता रद्द झाला असं मी समजून चाललो आहे. याचं कारण आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. ते म्हणजे तुमच्या बैठकीच्या खोलीतली ती तसबीर. पण त्या विषयाला मी या पत्रात हात घालणार नाही. हे पत्र केवळ छायाचित्रणाविषयी आहे.

तर आमचं इथे हौशी छायाचित्रकारांचं एक मंडळ आहे. सभासद पाच, कॅमेरे चार (एक कायम दुरुस्तीला असतो), आणि सगळे मराठी बोलणारे, निदान भांडताना तरी. मंडळाचा नियम असा की चित्रं फक्त निसर्गाची काढायची. झाडं, डोंगर, तळी, फार तर एखादी गाय. माणसांचे फोटो काढायला स्टुडिओवाले समर्थ आहेत आणि त्याचे परिणाम माणसांच्या भिंतींवर लटकलेले आपण पाहतोच. (हा टोमणा नव्हता. म्हणजे होता, पण मागे घेतला आहे असं समजावं.) मंडळाचे चिटणीस कृष्णाजी म्हणून आहेत. मूळचे बेळगावचे, छप्पन साली जिल्ह्यासकट इकडे आले, आता सचिवालयात असतात आणि अनुक्रमांक दिल्याशिवाय वाक्य बोलत नाहीत. त्यांनी एक पेटी केली आहे. पेटी म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा मोठा चौकोनी डबा. दर महिन्याला प्रत्येकाने आपलं एक चित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवून त्यात ठेवायचं, नाव लिहायचं नाही, फक्त आकडा. मग तो डबा पाची घरं फिरतो. प्रत्येक पुठ्ठ्याच्या पाठीला एक कागद लावलेला असतो, त्यावर ज्याने त्याने आपला अभिप्राय लिहायचा. अभिप्रायाचे कप्पे तीन: आधी गुण, मग दोष, मग उपाय. याला कृष्णाजी विधायक टीका म्हणतात. डबा एकदा फिरून आला की ज्याला आपलं चित्र सुधारावंसं वाटेल त्याने सुधारून परत ठेवायचं आणि डबा दुसऱ्यांदा फिरवायचा, म्हणजे प्रत्येकाला बाकीच्यांनी काय लिहिलं तेही वाचता येतं. व्यवस्था अशी निर्दोष आहे की ती माणसांसाठी केलेली नसावी असं वाटतं.

तुम्ही मला ओळखता. त्या तीन कप्प्यांपैकी दोष आणि उपाय हे दोन मला कधी जड गेले नाहीत. पंचाईत पहिल्याची. गुण लिहायलाच हवा, नाहीतर कृष्णाजी पेटी परत पाठवतात. मी प्रयत्न करतो. 'गुण: कागद उंची आहे.' 'गुण: पुठ्ठा काटकोनात कापला आहे.' एकदा तर काहीच सुचेना तेव्हा 'गुण: छायाचित्रकार सुखरूप परत आलेला दिसतो' असंही लिहिलं. आमच्यात बँकेतले एक विश्वेश्वर आहेत. त्यांच्याकडे ढगाची एक निगेटिव्ह आहे. सुंदर ढग आहे, कापसाच्या गादीसारखा. खरं सांगायचं तर बंगळुरात याहून चांगला ढग मी पाहिलेला नाही. पण तो एकच आहे. विश्वेश्वर कुठेही गेले, आभाळ कसंही असलं, तरी छापताना वरच्या अर्ध्या भागात तोच ढग बसवतात. नंदीच्या डोंगरावर तो होता, बदामीला होता, श्रवणबेळगोळला होता. मी लिहिलं, 'दोष: या ढगाशी माझा जुना परिचय आहे. उपाय: इतका प्रवास झाल्यावर त्याला चार महिने बिनपगारी रजा द्यावी.' मग शाळेत शिकवणाऱ्या प्रतिमाबाई. त्या लालबागेतली फुलं काढतात, आणि प्रत्येक फुलावर दव. भर दुपारी बाराच्या सावल्या आणि पाकळीवर टपोरं दव. ते ग्लिसरीन असतं हे इथल्या कावळ्यांनाही ठाऊक आहे. मी लिहिलं, 'उपाय: ग्लिसरीन टाचांच्या भेगांना लावावं, फुलांना भेगा नसतात.' खुद्द कृष्णाजी सूर्यास्त काढतात, आणि क्षितिज बरोबर मधोमध घेतात, अर्धं आकाश, अर्धी जमीन. कुणाची बाजू घेतली असं उद्या फाइलीत दिसायला नको. तेही मी लिहिलं. चित्रावर नाव नसतं खरं, पण ढग, दव आणि क्षितिज या सह्याच की.

आता या पेटीची मला (मी मजेत आहे हे वर सांगितलंच आहे) एक छोटीशी सोय होती. नियम असा की पेटी हातोहात द्यायची, म्हणजे आधीच्या सभासदाने स्वतः घरी येऊन, दोन घोट कॉफी घेऊन, मग पुढे जायचं. त्यामुळे महिन्यातून दोनदा माझा जिना कुणीतरी चढायचं, आणि दोनदा मी कुणाचातरी. पेटीच्या दिवसासाठी मी कॉफीची पूड ताजी दळून आणायचो. कपबश्या सहा आहेत, त्यातल्या दोन त्या दिवशी बाहेर निघायच्या. (बाकीच्या चार हेमलतेने ज्या कागदात गुंडाळल्या होत्या त्याच कागदात आहेत. त्यावरची बातमी १९५७ सालची आहे. मी ती पाठ केली आहे.) पण ऑक्टोबरच्या फेरीपासून जिन्यावर पावलं वाजेनाशी झाली. मी पूड आणून बसलेला, आणि पेटी खाली घरमालकीण चंद्राबाईंच्या ओट्यावर. चंद्राबाईंचं घराणं चार पिढ्यांचं इथलं. मराठी बोलतात, पण मधूनमधून कानडीच्या पाटावर बसून. त्या वर आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, तुमचा डबा आलाय. ते लोक वर येत नाहीत म्हणे, स्वल्प घाईत असतात." नोव्हेंबरात घाई होती. डिसेंबरात दोन्ही फेऱ्यांना घाई होती. जानेवारीत मी पूड आणलीच नाही, आणि नेमके तेव्हाही ते घाईतच होते. मंडळातले लोक एकूण फार कामाचे झाले आहेत.

जानेवारीची पेटी पहिल्यांदा माझ्याकडे आली. (फेरीचा क्रम दर महिन्याला बदलतो, हेही कृष्णाजींचंच.) म्हणजे पाची कागद कोरे, आणि पहिला अभिप्राय माझा. ढग, दव आणि क्षितिज यांची विल्हेवाट लावून मी चार नंबरच्या चित्राकडे वळलो. चित्र आमच्या सँकीच्या तळ्याचं. सकाळची वेळ, दाट धुकं, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळू नये असं. डावीकडे बांधाची एक रेघ. खरोखर बरं चित्र होतं, आणि बरं चित्र पाहिलं की मला दोष अधिक ठळक दिसतात, हा माझा स्वभाव तुम्हाला नवा नाही. मी जे लिहिलं ते जसंच्या तसं उतरवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे:

'गुण: धुकं. पण ते परमेश्वराचं आहे, छायाचित्रकाराने श्रेय घेऊ नये. दोष: उजव्या कोपऱ्यात दगडी बाकावर एक पाठमोरा म्हातारा बसला आहे. त्याचं तिथे काही काम नाही. डोळा तळ्याकडे जाऊ पाहतो तो या पोक काढलेल्या पाठीला अडखळतो. पाऊस नसताना छत्री, आणि गळ्याशी मफलरची अनावश्यक गुंतागुंत. शिवाय अख्खं बाक मोकळं असताना हा अगदी टोकाला बसला आहे, जणू शेजारी कुणी यायचं आहे. कुणी येणार नाही हे चित्रात स्पष्ट दिसतं. उपाय: उजवीकडून दीड इंच कापावं. म्हातारा जाईल, चित्र राहील.'

वाचून मला समाधान वाटलं. गेल्या वर्षभरात इतकं नेमकं मी काही लिहिलं नव्हतं. पेटी मी पुढे विश्वेश्वरांकडे पोचवली. ते घरात नव्हते, असं त्यांनी आतून सांगायला लावलं.

गेल्या रविवारी पेटी दुसऱ्या फेरीसाठी आली. (ओट्यावर. स्वल्प घाई.) उघडून पाहतो तो चार नंबरचं चित्र नवं. धुकं तेच, बांध तोच, आणि उजवीकडून बरोबर दीड इंच गायब. बाकाचा एक तुकडा तेवढा राहिला होता, रिकामा. अप्पासाहेब, माझा सल्ला कुणी मानल्याचं मला आठवत नाही. कारखान्यात मानतात, पण तिथे न मानल्यास विमान पडतं. मी टाक उचलला आणि 'आता चित्र झालं' असं लिहिण्यासाठी पुठ्ठा उलटा केला, तर कागदावर माझ्या अभिप्रायाखाली बाकीच्यांचे अभिप्राय.

विश्वेश्वरांनी लिहिलं होतं, 'गुण: बाकावरचे गृहस्थ ओळखीचे वाटतात. दोष: आकाश कोरं आहे. उपाय: एखादा ढग घालता येईल, माझ्याकडे आहे. गृहस्थांना हलवू नये.' मला मौज वाटली. त्याखाली प्रतिमाबाईंचं गोल, शाळेतलं अक्षर: 'गुण: बाकावरची मोकळी जागा. दोष: नाही. उपाय: काही कापू नये. मफलरची वीण हेमलताबाईंची आहे. मला ती अर्धीच शिकवून झाली होती.'

हे मी दोनदा वाचलं. मग खुंटीवरचा मफलर पाहिला. मग कोपऱ्यातली छत्री. माणसाला आयुष्यभर आपली पाठ दिसत नाही ही परमेश्वराच्या रचनेतली एक त्रुटी आहे. पुढे केव्हातरी मी तिच्यावर सविस्तर अभिप्राय देणार आहे. त्याखाली कृष्णाजी होते, अर्थात अनुक्रमांकासह. 'एक: चित्रातील व्यक्तीनेच स्वतःला वगळण्याची सूचना केल्याचा हा पहिलाच प्रसंग. दोन: अशी सूचना ग्राह्य आहे किंवा कसे, याबाबत नियम मुका आहे. तीन: व्यक्तिशः मला वाईट वाटलं.' आणि अगदी तळाशी, पेन्सिलीने: 'अण्णांनी सांगितल्याप्रमाणे कापलं. सरी.'

हे 'सरी', म्हणजे कानडीत 'ठीक', देवाप्पांचं. देवाप्पा निपाणीकडचे, रेल्वेच्या वर्कशॉपात फोरमन होते, आता निवृत्त. मंडळात माझ्या टीकेला आजवर एकच माणूस हसत आला तो हा, आणि मला वाटायचं त्यांना ती कळत नाही. नियमाप्रमाणे पेटी विश्वेश्वरांकडे जायला हवी होती. मी ती उचलली आणि यशवंतपूरला देवाप्पांच्या दारात गेलो. सोबत एक भाषणही तयार करून नेलं होतं. मुद्दा असा की सभासदाला न विचारता त्याचा पाठीमागून फोटो काढणं हे शिष्टाचाराला धरून नाही, आणि वर तो त्यालाच परीक्षेला देणं ही तर शुद्ध थट्टा आहे. दार त्यांच्या मंडळींनी, शालनबाईंनी उघडलं. देवाप्पा आत पाटावर बसून कॅमेऱ्याचा भाता फडक्याने पुसत होते. त्यांनी माझं सगळं भाषण ऐकून घेतलं. शालनबाईंनी कॉफी आणली. मी विचारलं, बाकावर मी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं ना.

"ठाऊक होतं की. तळ्यावर रोज बसताय."

मग कापलंत कसं, मी म्हणालो. त्यांनी भाता खाली ठेवला.

"मला वाटलं, तुम्ही सोताबद्दलच लिहिलाय, अण्णा. माणूस सोतालाच नको म्हणतोय, तर मी कोण ठेवून घेणार?"

अप्पासाहेब, मी माझं भाषण मागे घेतलं. तुमच्या लक्षात असेल, तुमच्याकडे ते झालं नाही, आणि झालं असतं तर बरं झालं असतं. मी कॉफी प्यायलो. कॉफीत साखर जास्त होती. ते बोललो नाही. (या घटनेची नोंद व्हावी.) शेवटी मी विचारलं की पहिलं, न कापलेलं चित्र आहे का. देवाप्पा म्हणाले, कागद मिळत नाही सध्या, म्हणून नवं छापलं नव्हतं. तेच चित्र कात्रीने कापलं, नव्या पुठ्ठ्यावर लावलं आणि पाठीचा कागदही त्यालाच चिकटवला. तेवढ्यात शालनबाई आत गेल्या आणि पंचांग घेऊन आल्या. पंचांगात, पौष महिन्याच्या पानात, दीड इंच रुंदीची एक पट्टी ठेवलेली होती. तीत बाकाचं टोक, छत्री, मफलर आणि मी. "माणूस आहे," त्या म्हणाल्या, "केरात कसं टाकायचं?"

ती पट्टी मी घरी आणली आहे. उभी ठेवली की पडते, म्हणून कपाटाच्या काचेला टेकवून ठेवली आहे. एक्कावन्न वर्षांच्या माणसाला म्हातारा म्हणणं कितपत योग्य, यावर मी तिच्याकडे बघून बराच विचार केला. म्हणायला हरकत नाही असं ठरलं. मात्र टोकाला बसण्याबद्दल मी जे लिहिलं ते चूक होतं, आणि ते तुम्हाला सांगायला हवं. सोळा वर्षं आम्ही दोघं रोज सकाळी त्या तळ्यावर जात होतो. त्या बाकावर मी एकदाही बसलो नाही. ती बसायची, मांडीवर माझी पिशवी, शेजारी माझ्यासाठी जागा ठेवून, आणि मी कॅमेरा घेऊन बांधावरून फिरायचो. आता बसतो, तर तिच्या जागेवर बसवत नाही. म्हणून टोकाला. म्हणजे ते शेजारी कुणी यायचं म्हणून नाही. छायाचित्रावरून माणसाविषयी तर्क करू नयेत ते यासाठी.

त्याच दिवशी मी माझे अकरा आल्बम खाली काढले. उद्देश शुद्ध तांत्रिक होता. माझ्या स्वतःच्या चित्रांत कोपरे कसे सांभाळले आहेत ते पाहायचं होतं. कोपरे उत्तम सांभाळले आहेत. अकरा आल्बमांत एकही अनावश्यक माणूस नाही. तुम्हाला माहीतच आहे, सहलीला गेलं की माझं तिच्याशी मुख्य बोलणं एकच असे, "हेमलता, जरा बाजूला सरक, झाड येतंय." ती सरकायची. हसायची आणि सरकायची. एकोणपन्नास साली आम्ही आगगाडीने व्हाइटफील्डला गेलो होतो, तिथल्या चिंचेच्या झाडांसाठी. त्या चित्रात डाव्या कडेला डब्याचं फडकं आणि एक कोपर आलं आहे. नंदीच्या पायऱ्यांच्या चित्रात एक चप्पल आणि दुसरीची टाच. हेब्बाळच्या तळ्यावर एक लांब सावली, तिच्या डोक्यावरून पदर आहे म्हणून ती माझी नव्हे. बावीस वर्षांच्या संसारातून मी हेमलतेचं जे काही टिपलं ते एवढंच: एक कोपर, दीड चप्पल, एक सावली. बाकी सगळा निसर्ग. निसर्ग अगदी जसाच्या तसा आहे, रोज दिसतो, त्याचे फोटो काढायची खरं तर काही गरज नव्हती.

असो. मी त्या विषयाला हात घालणार नाही म्हणालो होतो, पण पत्र इतकं लांबलं आहे की आता तो वाटेतच आला. त्या डिसेंबरात तुम्ही विद्याच्या लग्नाच्या फोटोतल्या घोळक्यातून हेमलतेला वेगळी काढून, मोठी करून, रंगवून, चौकटीत बसवून भिंतीवर लावलीत. मला समोर उभं केलंत आणि विचारलंत, कशी वाटते. तुम्ही विचारलंत म्हणजे तुम्हाला काय ऐकायचं होतं ते कुणालाही कळलं असतं. मी अकरा मिनिटं बोललो. गाल डाळिंबी आहेत, ते तिचे नव्हेत. गळ्यात रंगवलेली ठुशी तिच्याकडे कधी नव्हती. मागे लग्नाचा मांडव खोडून स्टुडिओवाल्याने निळं सरोवर आणि दोन हंस घातले आहेत, आणि उजवा हंस डाव्याच्या दीडपट आहे. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. वहिनी उठून आत गेल्या. तुम्ही स्टूल आणलंत, त्यावर चढलात आणि तसबीर उतरवलीत. मी खालून स्टूल धरून ठेवलं होतं, आणि धरता धरता हंसांविषयी बोलतच होतो. मला आता ते स्टूल फार आठवतं.

गुण आधी लिहायचा असतो. हा नियम मला कृष्णाजींनी तीन वर्षं टंकलिखित करून दिला, आणि तो मला यशवंतपूरला, जास्त साखरेच्या कॉफीवर कळला. तरी मी मंडळ सोडण्याचा विचार पक्का केला आहे. कॅमेराही विकून टाकावा म्हणतो. पन्नाशीनंतर माणसाने माणसांत फार मिसळू नये, एकांतासारखं सुख नाही, आणि तो इथे भरपूर आहे. तेव्हा माझी काळजी करण्याचं कारण नाही. केली असेल असं नाही, पण केली असल्यास.

वहिनींना नमस्कार. चि. विद्यास व जावईबापूंना आशीर्वाद. पत्राच्या शेवटी लोभाची मागणी करण्याची रीत आहे. माझ्या खात्यात तो शिल्लक असेल तर आहे तितकाच राहू द्यावा, वाढवण्याचा आग्रह नाही.

आपला आज्ञाधारक (आज्ञा यावी इतकीच खोटी),
बिंदुमाधव

ता. क. मंडळ सोडण्याबद्दल वर लिहिलं आहे ते तूर्त बाजूला ठेवावं, कारण एक तांत्रिक अडचण उपस्थित झाली आहे. देवाप्पा तळ्याचं चित्र पुन्हा काढायचं म्हणतात. पट्टी जोडून छापता येईल का असं मी विचारलं, तर म्हणाले, नको, बाक मोठं आहे, एका माणसाने ते भरत नाही, दोन पाहिजेत. प्रतिमाबाईंनाही मी विचारून आलो (जिना चढून गेलो, त्या घाईत नव्हत्या), त्यांचंही मत तसंच पडलं, आणि दवाची काळजी करू नका असं त्या म्हणाल्या. आता दुसरा पाठमोरा माणूस हवा. पाठ रुंद हवी, काळा लांब कोट असल्यास उत्तम, आणि शेजारी बसून न बोलता अर्धा तास काढण्याची सवय हवी. मी सगळ्या ओळखीपाळखीच्या पाठी मनात आणून पाहिल्या. मिरजेतल्या एका पाठीखेरीज दुसरी बसत नाही. गाडी थेट आहे, बदलावी लागत नाही. धुकं शिवरात्रीपर्यंतच टिकतं, म्हणजे आठच दिवस आहेत. हे केवळ चित्राच्या रचनेसाठी विचारतो आहे. कॉफीची पूड आणून ठेवली आहे, आणि एक जादा कप कागदातून बाहेर काढला आहे. वहिनीही आल्या तर आणखी एक काढीन.

ता. क. दुसरा. येताना सामान फार घेऊ नये, इथे सगळं आहे. फक्त ती तसबीर माळ्यावर टाकली असेल, तर तेवढी आणावी. काच फुटू नये म्हणून घोंगडीत गुंडाळावी. वरचं सगळं पत्र न वाचता फाडलंत तरी चालेल, पण हा मजकूर वाचावा.

ता. क. तिसरा, आणि शेवटचा. तसबिरीवर चौदा महिन्यांपूर्वी मी जो तोंडी अभिप्राय दिला तो नियमात बसणारा नव्हता. तो रद्द समजून त्या जागी पुढील लेखी अभिप्राय चिकटवावा.

गुण: ती मधोमध आहे. तिला कुणी बाजूला सरक म्हटलेलं दिसत नाही.
दोष: गाल. (हे मात्र मी मागे घेत नाही.)
उपाय: कुठल्याही बाजूने काहीही कापू नये. हंसही राहू द्यावेत.